पावसाळ्यातील गोवा आणि मावशीचे मत

पहिला दिवस : पत्रादेवी, म्हापसा

१९६७ च्या जानेवारीत माझे वडील सावंतवाडीहून सायकलच्या कॅरिअरला पत्रकांचा गठ्ठा बांधून पत्रादेवीमार्गे गोव्यात गेले होते. पत्रकांवर फुलाचे चित्र होते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, यावर १६ जानेवारीला जनमत कौल व्हायचा होता आणि विलीनीकरणाची खूण फूल, तर वेगळे राहण्याची खूण दोन पाने अशी ठरली होती. फूल हरले. वडील परत आले, सायकल पडवीत उभी केली आणि पुढे आयुष्यभर गोव्याचा विषय निघाला की ते पानावरची आमटी भातात कालवत गप्प बसत. आईची धाकटी बहीण त्या वेळी फोंड्याजवळ बांदोड्याला नुकतीच नांदायला गेलेली होती. तिने कोणत्या खुणेवर शिक्का मारला, हे वडिलांनी तिला कधी विचारले नाही आणि तिनेही ते सांगितले नाही.

मराठीचा शिक्षक म्हणून पस्तीस वर्षे नोकरी केल्यानंतर यंदा जूनमध्ये पत्नीसह चार दिवस गोव्याला जाऊन आलो. समुद्रकिनारे आधी पाहून झाले होते. या खेपेला जी माणसे आणि ज्या घटना वर्गात पुस्तकातून शिकवल्या, त्यांच्या जागा पाहायच्या, असे ठरवले होते. कोल्हापूरहून आंबोली घाटाने खाली उतरेपर्यंत धुके होते आणि बांद्यापासून पाऊस सुरू झाला तो चौथ्या दिवसापर्यंत फारसा थांबला नाही.

पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक महामार्गालगतच आहे आणि बहुतेक गाड्या ते न पाहता पुढे जातात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या हद्दीत शिरल्या, त्यांवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला आणि पंजाबच्या कर्नैल सिंग यांच्यासह अनेक जण मारले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांनी सत्याग्रहींचे नेतृत्व केले होते. गोऱ्यांना शिक्षा होऊन १९५७ पर्यंत तुरुंगात राहावे लागले. छत्री सावरत आम्ही तिथे उभे असताना एका ट्रकचा चालक उतरून आला, चप्पल बाहेर काढून आत गेला, हात जोडले आणि एक शब्द न बोलता निघून गेला. त्याच्या गाडीची पाटी पंजाबची होती.

म्हापशात पोटपूजेसाठी थांबलो. पातळ भाजी, गरम उंडो, म्हणजे गोव्याचा गोल पाव, आणि मिरची भजी. ज्यांना गोव्याची पावभाजी म्हणजे मुंबईची पावभाजी वाटते, त्यांनी येथे आधी नीट विचारून घ्यावे, कारण पुढ्यात येते ती वाटाण्याची किंवा बटाट्याची रसभाजी आणि ती कितीतरी सौम्य असते. म्हापशाचे नाव मी शिकवत असे ते डॉ. पुंडलिक गायतोंडे यांच्यामुळे. फेब्रुवारी १९५४ मध्ये येथील एका निरोपाच्या मेजवानीत वक्त्याने गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे सांगितले, तेव्हा या शल्यविशारदांनी आपला निषेध असल्याचे भर मेजवानीत सांगितले. एवढ्याच बोलण्यावर त्यांना अटक झाली आणि त्यांची रवानगी लिस्बनला करण्यात आली. त्यांच्या पत्नी एदिला स्वतः पोर्तुगीज होत्या, ही गोष्ट मला नेहमीच विशेष वाटत आली आहे. ती मेजवानी कोणत्या इमारतीत झाली, हे बाजारात दोघातिघांना विचारले. एका वृद्ध दुकानदाराने तोंडभर हसून दोन वेगवेगळ्या दिशा दाखवल्या, तेव्हा तो शोध आम्ही सोडून दिला.

संध्याकाळी बांदोड्याला पोहोचलो. मावशी ब्याऐंशी वर्षांची आहे. कंबर वाकली असली तरी आवाज खणखणीत आहे. तिने नीरफणसाच्या कापा रव्यात घोळवून तळल्या होत्या. जूनमध्ये मासेमारी बंद असते आणि ती बंदी जुलैअखेरपर्यंत चालते, त्यामुळे ताज्या माशांच्या आशेने येणाऱ्यांची निराशा होते. मात्र सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर, घोटांचे, म्हणजे रायवळ आंब्यांचे, सासव आणि सोलकढी असे जेवण पुढ्यात आले म्हणजे निराशेला फारशी जागा उरत नाही.

दुसरा दिवस : जुने गोवे, नार्वे, पणजी

जुन्या गोव्यात आफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी विजय मिळवला. तो संत कॅथरिनचा दिवस होता, म्हणून येथील महामंदिर, म्हणजे सा कॅथेड्रल, तिच्या नावाने उभे आहे. नदीकडील बाजूला व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, ती १५९९ च्या सुमारास उभारली आणि नव्याने येणारा प्रत्येक व्हाइसरॉय तिच्याखालून शहरात प्रवेश करी. पावसात कमानीखाली चार गाई आणि आम्ही दोघे उभे होतो.

बॉम जेझुस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपुढे मी ज्या कारणाने थांबलो, ते भाविकांचे कारण नव्हते. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट, म्हणजे सांत इस्तेव्ह, घेतले. ते परत मिळवण्याच्या प्रयत्नात व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः जखमी झाला आणि शहर पडण्याच्या बेतात आले. तेव्हा त्याने झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड त्या शवाजवळ ठेवला आणि आता शहराचे रक्षण तुम्हीच करा, अशी प्रार्थना केली. मोगल सैन्य कोकणात उतरल्यामुळे संभाजी महाराजांना माघारी वळावे लागले आणि शहर वाचले. हे मी दरवर्षी शिकवत असे. परंतु याच माणसाने पुढच्या वर्षी, २७ जून १६८४ रोजी, येथील लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिकावे, असा हुकूम काढला, ही गोष्ट मी त्या प्रसंगाशी कधी जोडून पाहिली नव्हती. तलवारीची भीती टळल्यावर पहिला हात जिभेवर पडला, हे त्या अंधाऱ्या गाभाऱ्यात उभे असताना लक्षात आले. तो हुकूम कितपत पाळला गेला, याचे उत्तर बाहेर मेणबत्त्या विकणारी बाई कोंकणीत भांडत होती त्यात होते.

जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे लागतात आणि पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते.

कमानीखालच्या धक्क्यावरून फेरीने दिवाडी बेटावर आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला गेलो. पायी माणसाला फेरीचे तिकीट नाही. दुसऱ्या धक्क्यावर पावसाचा जोर इतका वाढला की फेरी पाऊण तास पलीकडच्या काठाला उभी राहिली आणि आम्ही एका पत्र्याखाली मासे गरवणाऱ्या दोन मुलांबरोबर बसलो. ट्रॉलरना बंदी असली तरी गरीला कोण अडवणार, असे त्यांतील मोठ्याने शुद्ध मराठीत आम्हाला ऐकवले. तो मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकला होता.

नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे मंदिर लहान आहे आणि तेच त्याचे मोठेपण आहे. कदंब राजे आपल्या नाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा अभिमानाने उल्लेख करीत. दिवाडीवरील मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे, तेव्हाच्या आदिलशाही मुलखात, आणण्यात आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ बांधवले. दारावरील शिलालेख अजून वाचता येतो. राज्य शासनाने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये मंदिर पुन्हा खुले झाले. जांभ्या दगडाच्या पायऱ्या पावसाळ्यात फार निसरड्या होतात. पत्नी एकदा बसली, सुदैवाने केवळ साडी मळण्यावर निभावले.

पणजीत दिवसाचा उरलेला वेळ गेला. जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेल्या या पुतळ्यात फारिया एका स्त्रीवर हात उगारून उभा दिसतो, आणि ज्यांना संदर्भ ठाऊक नाही ते पर्यटक त्यासमोर चेष्टेने फोटो काढतात. हा माणूस १७५६ साली कांदोळीत जन्मला, पाद्री झाला, पॅरिसला गेला आणि संमोहन हे कोणत्याही चुंबकीय द्रवाने नव्हे, तर सूचनेने घडते असे प्रतिपादन करून गेला. त्याच्याविषयी गोव्यात सांगितली जाणारी कथा अशी की, लिस्बनला राणीसमोर प्रवचन करताना त्याची बोबडी वळली, तेव्हा वडिलांनी हळूच कोंकणीत, ही सगळी भाजीच आहे, काप रे भाजी, असे सांगितले आणि मुलाची वाचा परत आली. दंतकथा असेल, पण दरबारी सभेत धीर यायला घरचे वाक्यच लागले, हे तिला सांगायचे आहे.

पाट्टो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात तासभर बसलो. १८३२ मध्ये सुरू झालेले हे ग्रंथालय देशातील अत्यंत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत मोडते आणि आता ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो सोळाव्या शतकातील केळशीचा लेखक होता. पावसाळ्याच्या दुपारी याहून चांगली कोरडी जागा पणजीत नाही.

संध्याकाळी फेरीने मांडवी ओलांडून बेतीला गेलो, ते केवळ मोहन रानडे यांच्यासाठी. सांगलीत जन्मलेले, मूळचे मनोहर आपटे, हे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून आले आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र क्रांतिकारी संघटनेत सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची झाली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातच राहिले आणि सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी ते तुरुंगात गेले, तेथे दोन निवडणुका आणि एक जनमत कौल होऊन गेला होता. वडिलांची सायकल पत्रादेवी ओलांडत होती, तेव्हाही हे शिक्षक कोठडीत होते. बेतीच्या धक्क्यावर चहा पिताना पाऊस क्षणभर थांबला आणि पलीकडे पणजीतील कॅसिनोंच्या बोटींवर दिवे लागले. त्या दिव्यांविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे फार आहे; ते येथे नको.

तिसरा दिवस : मडगाव, आसोळणा, राचोल

तारीख १८ जून होती आणि ती आम्ही मुद्दाम निवडली होती. १९४६ मध्ये याच दिवशी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभा घेतली. आग्र्याच्या तुरुंगातून सुटून ते विश्रांतीसाठी आपले बर्लिनमधील विद्यार्थिदशेचे मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या आसोळण्याच्या घरी आले होते. त्या काळी गोव्यात परवानगीशिवाय सभा घेता येत नसे आणि लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी तपासनीसाच्या नजरेखालून जावी लागे. लोहिया बोलायला उभे राहणार तोच प्रशासक कॅप्टन मिरांडा पिस्तूल रोखून पुढे आला. लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला सारले. भाषण पूर्ण झालेच नाही, कारण त्यांना तेथेच अटक झाली. न झालेल्या भाषणाची आठवण म्हणून दरवर्षी क्रांतिदिन साजरा होतो, अशी दुसरी उदाहरणे फार नसावीत.

सकाळी लोहिया मैदानावर शासकीय कार्यक्रम असतो. त्या दिवशी परिसरातील वाहतूक वळवलेली असल्यामुळे गाडी बाजारापलीकडे लावून चालत जावे. हारतुरे, पोलिसांचा बँड आणि मंत्र्यांची भाषणे झाली. पहिल्या रांगेत स्वातंत्र्यसैनिकांसाठी खुर्च्या होत्या आणि त्यांतील बऱ्याच रिकाम्या होत्या. एका खुर्चीवर बसलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या गृहस्थांना मी नमस्कार केला. कोठून आलात, असे त्यांनी मराठीत विचारले. कोल्हापूरहून, असे सांगताच ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही फूलवाले." मी हसलो. ते हसले नाहीत. मग थोड्या वेळाने त्यांनी माझा हात दाबला आणि पाऊस येतोय, आडोशाला जा, असे सांगितले.

तेथून आसोळण्याला गेलो. साळ नदीकाठचे हे गाव आणि शेजारचे कुंकळ्ळी यांना आणखी एक इतिहास आहे. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी, देवळे पाडल्याच्या संतापातून, रुदोल्फ आक्वाव्हिव्हा यांच्यासह पाच जेझुइटांना, म्हणजे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या माणसांना, ठार मारले. हे आक्वाव्हिव्हा त्याआधी अकबराच्या दरबारात राहून आलेले होते. पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तेथे त्यांची हत्या केली. कुंकळ्ळीत आता या पुढाऱ्यांचे स्मारक आहे. मारलेल्या पाद्रींचेही स्मरण चर्च करते. दोन्ही आठवणी एकाच गावात, एकाच बाजाराच्या रस्त्यावर नांदतात. बाहेरच्या माणसाने त्यांतील एकच खरी मानण्याची घाई करू नये.

दुपारी राचोलला पोहोचलो. जुन्या लेखनात हे रायतूर आहे. जुवारीकाठच्या किल्ल्याचा एक दरवाजा उरला आहे आणि त्यातून वर गेले की टेकडीवर सेमिनरीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाची, पांढरी, प्रचंड इमारत लागते. आम्ही आधी न कळवता गेलो, ही चूक आमची. सेमिनरी हे चालते विद्यालय आहे आणि पूर्वपरवानगीशिवाय आत फिरता येत नाही. परंतु चर्च उघडे होते आणि तेथे झाडलोट करणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला हवा तेवढा वेळ बसू दिले.

मराठीच्या माणसाने गोव्यात एकच जागा पाहायची असेल, तर मी ही सांगेन. विल्टशायरमध्ये जन्मलेले थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि उरलेली चाळीस वर्षे बव्हंशी साष्टीत राहिले. कुंकळ्ळीचे हत्याकांड त्यांच्याच काळात, त्यांच्याच तालुक्यात घडले. ज्या भूमीत दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली, तेथे या माणसाने ज्ञानेश्वर-एकनाथांचा ओवी छंद घेतला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत. मराठी भाषेचे जे कौतुक त्यात आहे, ते आपल्याकडे भाषणांतून सर्रास उद्धृत होते. पण कौतुक करणारा कोणत्या जागी, कोणाच्या साम्राज्याच्या सावलीत आणि कोणत्या हेतूने लिहीत होता, हे भाषणात कधी येत नाही. धर्मांतर हाच त्याचा उद्देश होता. तरीही देवळे गमावलेल्या लोकांना तो पुराण देऊ पाहत होता, आणि ते त्यांच्या कानाला ओळखीच्या चालीत देऊ पाहत होता. वर्गात मी या ग्रंथाला अर्धा तास देत असे. आता तो अर्धा तास फार कमी वाटतो.

स्टीफन्स यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरणही पुढे १६४० मध्ये, त्यांच्या निधनानंतर, येथेच छापले गेले. म्हणजे एकाच टेकडीवर मराठीचे पुराण आणि कोंकणीचे व्याकरण, आणि दोन्ही एकाच परदेशी हाताची. गोव्यात मराठी आणि कोंकणी यांचा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना एकदा येथे आणून बसवावे, असे मनात येऊन गेले.

चौथा दिवस : बोरी आणि बांदोडे

बोरीच्या पुलावरून जुवारी पावसात राखाडी दिसत होती. बा. भ. बोरकरांचे हे गाव. १९१० मध्ये कुडचड्याला जन्मलेले बोरकर मराठीत प्रसिद्ध झाले आणि त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो कोंकणी काव्यसंग्रहासाठी. दोन भाषांमध्ये राहणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. गावात पत्नीने शाळेत पाठ केलेली त्यांची गोव्यावरची कविता रस्त्याच्या कडेला उभी राहून पूर्ण म्हटली आणि शेजारच्या दुकानातील मुलगी काउंटरवर हनुवटी टेकून ऐकत राहिली.

दुपारी मावशीने खतखते, म्हणजे अनेक भाज्यांची एकत्र भाजी, केले होते. तिरफळांचा वास घरभर होता. जेवण झाल्यावर मी तिला जनमत कौलाविषयी विचारले. साठ वर्षे होत आली, आता सांगायला हरकत नसावी, असे मला वाटले.

ती त्या दिवसांविषयी भरभरून बोलली. भाऊसाहेब बांदोडकर या गावचे दैवतच होते. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून ते मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले, याचेही सर्वांना कौतुक होते. सासरची सगळी माणसे फुलाची. पण घरात मडगावचे 'राष्ट्रमत'ही येई, आणि त्यात उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर असे. सासरे ते वाचून अंक आपटत आणि मग तो अंक स्वयंपाकघरात येई. "काय मराठी लिहायचा तो," मावशी म्हणाली. "मराठी राज्यात जाऊ नका, हे मराठीतून पटवायचा. तुझ्या वडिलांची पत्रकं वाचली होती मी. त्यांत नुसतं फूल होतं."

कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला, आणि दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिले. वडिलांना हा दुसरा निकाल कधीच उलगडला नाही. मावशीला त्यात काही कोडे दिसत नाही. माणूस आपला, पण घर वेगळे, एवढेच ती म्हणाली.

"मग तू शिक्का कुठे मारलास?" मी विचारले.

तिने वाटीतले उरलेले खतखते माझ्या पानात ओतले. "मत गुपीत आसता न्हय रे?" असे म्हणून ती उठली, मागच्या पडवीतून एक नीरफणस घेऊन आली आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या गाडीत ठेवायला सांगितला. आंबोलीच्या घाटात पाऊस पुन्हा दाट झाला. नीरफणस मागच्या सीटवर घरंगळत होता, म्हणून पत्नीने तो मांडीवर घेतला.